विचारणाऱ्याचा हेतू

प्रश्न समोर आला तेव्हा तो सफरचंद खात होता, आणि घास तसाच गालात राहिला. प्रश्नात दचकण्यासारखं काहीच नव्हतं. 'एका माणसाला राहायला किती जागा पुरते', एवढंच. शेवटी प्रश्नचिन्हही नाही. पण शोधायच्या चौकटीत कुणीच प्रश्नचिन्ह घालत नाही. आंघोळीला जाताना कुणी भांग पाडत नाही, तसंच ते. तरीही रस्त्यात समोरून येणाऱ्या परक्या माणसाच्या अंगात आपलाच शर्ट दिसावा तसं त्याला झालं. तोच रंग, खांद्यावर तीच उसवलेली शिवण, आणि शर्ट त्या माणसाला आपल्यापेक्षा जास्त शोभतोय.

त्याचं कामच लोकांचे प्रश्न बघायचं होतं. लोक दिवसभर इंटरनेटवर काही ना काही शोधत असतात, शोधयंत्र त्यांच्यापुढे उत्तरांची चळत टाकतं, आणि त्यातलं नेमकं कुठलं उपयोगी पडलं हे त्या बिचाऱ्या यंत्राला कळत नाही. लहान मुलानं चित्र काढून "चांगलंय?" म्हणत आपल्या तोंडाकडे बघत राहावं तसं ते बघत राहतं. मग कुणीतरी माणसानं सांगावं लागतं. तो माणूस म्हणजे हा. हा आणि त्या मजल्यावर रांगेनं बसलेले त्याच्यासारखे आणखी बरेच. पडद्यावर डावीकडे प्रश्न, ना नाव ना गाव. उजवीकडे यंत्रानं दिलेली उत्तरं. आणि मधे एक रिकामी ओळ, तिच्या डोक्यावर लिहिलेलं: 'विचारणाऱ्याचा हेतू'. ती ओळ भरायची, मग प्रत्येक उत्तराला शेरा द्यायचा: पूर्ण समाधान, बरंच समाधान, थोडं समाधान, समाधान नाही. की पुढचा प्रश्न. 'पालीला आपण दिसतो का'. 'उचकी दुसऱ्याला लागते का'. 'साहेबांना हसत हसत नाही कसं म्हणायचं'. 'गेलेल्या माणसाचा फोन कधीपर्यंत चालू ठेवतात'. 'मांजर माझ्याकडे बघत नाहीये'. हा शेवटचा तर प्रश्नच नव्हता, तक्रार होती. तरी यंत्रानं इमानेइतबारे दहा उत्तरं दिली होती. त्यानं हेतूच्या ओळीत 'सांत्वन' असं लिहून जनावरांच्या डॉक्टरच्या पत्त्याला 'समाधान नाही' दिलं होतं. त्या शेऱ्याचा त्याला अजून अभिमान होता. चार शब्दांवरून माणूस ओळखण्यात त्याचा हात धरणारं त्या मजल्यावर कुणी नव्हतं. कुणी विचारलं, "तुम्ही करता काय?" तर तो सांगायचा, "लोकांच्या मनातलं ओळखतो," आणि समोरचा मुकाट्यानं तळहात पुढे करायचा.

तर एका माणसाला राहायला किती जागा पुरते. त्यानं घास गिळला आणि सवयीनं उजवीकडून सुरुवात केली. पहिलं उत्तर एका बिल्डरची जाहिरात होती. बिल्डरच्या मते एका माणसाला तीन बेडरूम पुरत होत्या. दुसऱ्यात तुरुंगातल्या कोठड्यांची मापं. तिसरं कुक्कुटपालनाविषयी होतं, त्यात कोंबडीला किती जागा लागते ते आकृती काढून समजावलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिन्हींत कोंबडीवाल्यानंच सगळ्यात जास्त आस्थेनं लिहिलं होतं. त्याला त्यानं 'थोडं समाधान' दिलं. मग हेतूच्या ओळीपाशी बोटं आली आणि तिथेच राहिली. एरवी इथे त्याची बोटं त्याला न विचारता चालायची.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्यानं खिशातून फोन काढला आणि शोधायच्या चौकटीत 'एका' एवढंच लिहिलं. खाली लगेच ते वाक्य आलं, शेजारी छोटं घड्याळ. छोटं घड्याळ म्हणजे हे तुम्ही पूर्वी शोधलंय. त्याचा फोन, घरातला संगणक आणि बायकोचा टॅब सगळं एकाच खात्यावर चालायचं, कारण बायकोला पासवर्डचा कंटाळा होता, "मी काय तिजोरी आहे?" असं ती म्हणायची. त्यामुळे यंत्राच्या लेखी ते दोघं मिळून एकच इसम होते, पाठ दुखणारा, बुद्धिबळ बघणारा आणि कृत्रिम दातांमध्ये विलक्षण रस असणारा. पण हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं नाही. त्या क्षणी त्याला एवढंच दिसलं की प्रश्न आपला आहे. जगात रोज किती कोटी प्रश्न विचारले जात असतील आणि त्यातला आपलाच फिरून आपल्याच टेबलावर यावा! समुद्रात थुंकावं आणि लाटेनं नेमकी तीच थुंकी परत आणून पायावर घालावी, असा प्रकार. गंमत म्हणजे आपण हे कधी विचारलं ते त्याला काही केल्या आठवेना. पण न आठवणं हा काही पुरावा नव्हे. माणूस हल्ली विचारतो ते खाजवल्यासारखं विचारतो. कुठे खाज आली होती हे संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात राहतं?

स्वतःबद्दल त्याला कधी फारसं कुतूहल वाटलं नव्हतं. दुसऱ्यांबद्दल वाटण्याचा त्याला पगार मिळायचा. पण आता तो स्वतःच्याच मागे लागला, आणि डबा उघडून, जेवून, तो बंद करून पुन्हा खुर्चीत बसेपर्यंत आपण काय खाल्लं हेही त्याला सांगता आलं नसतं. आपण का विचारलं असेल? लहानपणी ही भानगडच नव्हती. लहानपणी प्रश्न पडला की वडिलांना विचारायचा. वडील विजेच्या मीटरचे आकडे टिपायचे काम करत आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यांना माहीत नव्हते. आकाश निळं का, तर वरती थंडी असते म्हणून. उंटाला कुबड का, तर पूर्वी ओझी फार असत. वडील म्हणजे पहिलं पान. दुसऱ्या पानावर आई होती, आणि दुसऱ्या पानावर कुणी जात नाही. क्वचित गेलंच, तर आई उत्तर द्यायची नाही, हातातलं काम थांबवून ती उलट विचारायची, "का रे?" तेवढंच. का रे. मग सांगावं लागायचं की शाळेत एका मुलानं असं असं म्हटलं, आणि सांगता सांगता मूळ प्रश्न कुठेतरी गळून पडायचा आणि भलतंच काहीतरी हाताला लागायचं, आणि कधी कधी त्याला रडू यायचं. म्हणून तो वडिलांनाच विचारायचा. ते सोपं पडायचं.

आणि तो खोका. दोन खोल्यांत ते सात जण, त्यात एकदा नवा फ्रीज आला. फ्रीज ज्यातून आला तो खोका वडिलांनी गॅलरीत उभा केला आणि भावंडांनी तो आडवा पाडला. दोन दिवस सगळे त्यात खेळले, कंटाळले. हा कंटाळला नाही. आत गुडघे छातीशी घेऊन बसलं की पुठ्ठ्याचा कोरडा, गोडसर वास यायचा, कडेच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ गुडघ्यावर पडायची, आणि घरातल्या सहा जणांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे. बाहेर काय चाललंय ते कळायचं आणि आपल्याला त्यात काही करायचं नसायचं. आई झडप उचलून ताट आत सरकवायची. थोरल्या बहिणीनं खोक्यावर खडूनं 'जिवंत प्राणी' असं लिहिलं होतं. एक दिवस तो शाळेतून आला तर रद्दीवाला खोका घेऊन गेला होता, आणि त्याला फार वाईट वाटलं असेल असं सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्याला वाटली होती ती लाज, कारण खोका नेताना तो रिकामा आहे हे सगळ्यांनी पाहिलं होतं. एवढा वेळ आत बसून हा करत तरी काय होता, असं त्यांच्या मनात आलं असणार. हे त्याला आज, इतक्या वर्षांनी, पडद्यासमोर बसून आठवलं. म्हणजे एका माणसाला तेवढी जागा पुरते, असं त्याला वाटलं, आणि लगेच वाटलं, हे मी यंत्राला का विचारावं, मला तर उत्तर माहीत आहे.

शेवटी हेतूच्या ओळीत त्यानं लिहिलं, 'निव्वळ कुतूहल', आणि प्रश्न पुढे ढकलला. तो लगेच परत आला. त्यांच्याकडे पद्धत अशी की प्रत्येक प्रश्न दोन परीक्षकांकडे वेगवेगळा जायचा. दोघांचा हेतू जुळला तर ठीक. नाही जुळला तर 'समेट' उघडायचा. म्हणजे दोघांनी एकमेकांना लेखी पटवायचं, आणि एकमत होईपर्यंत प्रश्न दोघांच्याही टेबलावरून हलायचा नाही. नावं दिसायची नाहीत, फक्त परीक्षक क्रमांक. तोंडी बोलायला मनाई. पण समोरच्या परीक्षकानं लिहिलेलं पहिलंच वाक्य वाचून त्यानं ओळखलं की ही खांबाताई. ती एका जाड खांबाच्या आड बसायची म्हणून खांबाताई. टायपिंग इतकं ठासून करायची की खांब मधे असूनही ऐकू यायचं. तिनं लिहिलं होतं: 'विचारणारा घर सोडतोय. भाड्याच्या खोल्या दाखवाव्यात. कोंबड्या काढाव्यात.'

घर सोडतोय. त्यानं खांबाकडे पाहिलं. खांब खांबासारखा उभा होता. त्यानं लिहिलं: 'विचारणारा घर वगैरे सोडत नाहीये. सहज विचारलंय.'

खांबाआडून ठकठक आली. 'सहज कुणी विचारत नाही. सहज फक्त हवामान विचारतात.'

'विचारणारा सुखी माणूस आहे.'

'पुरावा?'

 आयुष्यात प्रथमच कुणी त्याच्याकडे त्याच्या सुखाचा पुरावा मागत होतं, आणि तोही कार्यालयीन कामकाजात. त्यानं मनातल्या मनात शोधाशोध केली. बायको चांगली होती. घर चांगलं होतं. भांडण म्हणाल तर गेल्या कित्येक महिन्यांत झालं नव्हतं; आणि हे वाक्य मनात पूर्ण होता होताच त्याला ते विचित्र वाटलं, एखादा माणूस फुशारकीनं सांगतो की कित्येक महिन्यांत मला भूक लागलेली नाही, तसं. त्यानं लिहिलं: 'मार्गदर्शिकेत म्हटलंय की विचारणाऱ्याच्या मनात नसलेलं त्याच्या माथी मारू नये.' तिचं उत्तर आलं: 'त्याच पानावर पुढे म्हटलंय की विचारणाऱ्याला स्वतःचा हेतू माहीत असतोच असं धरून चालू नये. तुम्ही हे फार मनाला लावून घेताय.'

तेवढ्यात मुकादम आला. मुकादम म्हणजे त्यांचा पर्यवेक्षक, वयानं सगळ्यांत लहान. हातात कायम एक रबरी चेंडू, तो दाबला की मन शांत राहतं अशी त्याची समजूत. "तुमचा एक समेट अडकलाय," तो चेंडू दाबत म्हणाला. "जागेचा. काय विशेष?"

"हेतूवर मतभेद आहे," हा म्हणाला.

"मग घ्या ना मिटवून. एखाद्याला राहायला जागा पाहिजे, त्यात मतभेद कसला? आपल्याला थोडीच द्यायचीय?"

चहाच्या यंत्रापाशी खांबाताई आधीच उभी होती. दोघं शेजारी शेजारी उभे राहून आपापल्या कपाकडे बघत राहिले. मग ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुम्हीच ना हो ते कुतूहलवाले?"

"बोलायला मनाई आहे," तो म्हणाला.

"मग मान हलवा."

त्यानं मान हलवली.

"मी पण एकदा विचारलं होतं असंच," ती म्हणाली. तिचा आवाज लिहिण्यापेक्षा बराच मऊ होता. "एका माणसाला भात किती घ्यायचा. आमचे हे वेगळे राहायला गेले तेव्हा. वीस वर्षं दोघांचा लावलेला हो, हाताला एकाचं मापच माहीत नाही. यंत्रानं सांगितलं अर्धी वाटी. मी आपली रोज अर्धी वाटी. सहा महिने मी अर्धपोटी जेवत होते, आणि मला वाटायचं हे दुःखच आहे, असंच असतं. मग बहीण आली राहायला. म्हणाली, अगं बाई, तू उपाशी आहेस."

"मग?"

"मग काय, एक वाटी घ्यायला लागले. निम्मं दुःख गेलं." ती कप ठेवून म्हणाली, "पण म्हणून सांगते, उगाच कुणी विचारत नाही. तो माणूस निघालाय घरातून. बॅग नसेल भरली अजून, पण निघालाय. काय करायचं मग?"

तो जागेवर आला, समेट उघडला, आणि 'निव्वळ कुतूहल' खोडून 'विचारणारा घर सोडण्याच्या विचारात आहे' असं लिहून सहमती दिली. पडदा हिरवा झाला. मजल्यावरचा आपल्या धंद्यातला सर्वांत तरबेज माणूस स्वतःच्याच मनाविषयीच्या वादात, रीतसर, नियमाला धरून हरला होता. कंपनीच्या दप्तरी तो आता घर सोडून निघाला होता. फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला ते कळवायचं बाकी होतं.

आणि विलक्षण हे की एकदा सही झाल्यावर त्याला ते पटायला लागलं. संध्याकाळी बसमध्ये खिडकीशी बसून त्यानं ती जागा पाहायला सुरुवात केली. एक खोली. खिडकी एकच, तीही मागच्या भिंतीकडे उघडणारी, म्हणजे बघायला काही नको. एक खुर्ची. दुसरी खुर्ची नाही, कारण दुसरी खुर्ची आली की तिच्यावर कुणीतरी येऊन बसतं. दोन ताटं. नाही, एक. तो एकेक वस्तू आत नेत होता आणि बाहेर आणत होता, आणि बसच्या प्रत्येक थांब्यावर त्याचा जीव थोडा थोडा हलका होत होता, आणि त्या हलकेपणाची त्याला भीती वाटत होती. दाताचा तुकडा पडल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा तिथेच जाते, धारेवरून फिरते, दुखतं का बघते, तसं त्याचं मन त्या खोलीकडे जात होतं. दुखत नव्हतं. मग बायको डोळ्यांसमोर आली. ती दात बनवायची. म्हणजे दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती प्रयोगशाळेत बसून मेणात दात रचून कवळ्या करायची, उरलेलं काम घरी आणायची. त्यांच्या घरात खिडकीच्या कट्ट्यावर प्लास्टरचे पाच-सहा जबडे कायम वाळत पडलेले असत, निरनिराळ्या अनोळखी लोकांचे, आणि सगळे थोडेसे हसल्यासारखे. चाव्यावरून तिला माणूस कळायचा. हा झोपेत दात खातो, ही रागावली की डावीकडे आवळते, या म्हाताऱ्यानं आयुष्यभर पेन्सिल चावलीय. लग्न नवं असताना तिनं त्याला मेणाचा तुकडा चावायला लावला होता आणि उजेडात धरून म्हणाली होती, "तू बोलायच्या आधी गिळतोस." तेव्हा दोघं किती हसले होते. आता ती खोली त्याला दिसत होती आणि तिच्यात एकही जबडा नव्हता, आणि इथे मात्र जीभ अडखळली. थोडंसं दुखलं.

त्यांचं घर सहाव्या मजल्यावर. तो नेहमीप्रमाणे पाचव्याला लिफ्टमधून उतरला. ही त्याची अलीकडची सवय. सवय कसली, एक मजला चढून जावा, तेवढेच पाय मोकळे. पाय मोकळे करायला तो पाचव्या मजल्याच्या खिडकीपाशी थोडा वेळ बसायचा. तिथे एक स्टूल असायचं. कुणाचं होतं कोण जाणे. कुणीतरी विसरलं असावं आणि विसरलेलं न्यायलाही विसरलं असावं. मग कधीतरी त्या स्टुलावर एक उशीही आली होती, आणि त्यानं त्याचा काही अर्थ लावला नव्हता. दिवसभर अनोळखी लोकांच्या अर्ध्या वाक्यांचे अर्थ लावणाऱ्या त्या माणसानं उशीचा अर्थ लावला नव्हता, नुसता तिच्यावर बसला होता. आजही बसला. खाली पार्किंगमध्ये एक बाई गाडी मागे घेत होती, पुढे घेत होती. काय आणि कसं सांगायचं ते त्यानं जुळवलं, आणि उठून वर गेला.

बायको जेवणाच्या टेबलावर दिव्याखाली बसून एका खालच्या जबड्यावरचं मेण कोरत होती. तो बूट न काढताच समोर बसला.

"मला तुला एक सांगायचंय."

"बूट," ती म्हणाली.

त्यानं बूट काढले. त्यामुळे जुळवलेलं सगळं विस्कटलं. "मी यंत्राला एक प्रश्न विचारला होता," तो म्हणाला. "मला आठवत नाही कधी, पण विचारला होता. एका माणसाला राहायला किती जागा पुरते, असा. आज तो माझ्याकडेच आला तपासायला. आणि दिवसभर विचार केल्यावर माझ्या असं लक्षात आलं की माझ्या मनात कुठेतरी..."

"तो मी विचारला," ती म्हणाली. कोरणं थांबलं नाही.

"काय?"

"प्रश्न. मी विचारला. रविवारी दुपारी. तू झोपला होतास."

पहिल्यांदा त्याला वाटलं ते असं की आपलं काहीतरी चोरीला गेलं. दिवसभर खपून उभी केलेली खोली, ती खुर्ची, ती आंधळी खिडकी, सगळं उचलून कुणी घेऊन गेलं. आणि मग खांबाताईची वाक्यं आठवली. विचारणारा घर सोडतोय. सहज कुणी विचारत नाही. खोली होती ती तिची होती. तीच निघाली होती, आणि तिला दाखवायला भाड्याच्या खोल्या वर आणा असं त्यानं स्वतः मान्य करून दिलं होतं. समोर तिचे हात दिसत होते, बोटांना गुलाबी मेण लागलेलं. आणि सवय इतकी वाईट की त्या हातांकडे बघताना त्याच्या डोक्यात हेतू धावत होते: वेगळं राहणं, कामासाठी जागा, आईला आणणं, निव्वळ कुतूहल. एरवी विचारणारा कुठल्या गावाला कुठल्या खिडकीशी बसलेला असायचा, आणि ओळखण्यावाचून गत्यंतर नसायचं. इथे विचारणारी हाताच्या अंतरावर बसली होती. सरळ तिलाच विचारता येतं हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

"का गं?" त्यानं विचारलं. "का विचारलंस?"

तिनं हत्यार खाली ठेवलं. जबडा हातातच राहिला.

"तुझ्यासाठी," ती म्हणाली.

"माझ्यासाठी?"

"तू रोज पाचव्या मजल्यावर बसतोस. कधी पाऊण तास बसतोस."

"पाय मोकळे..."

"बसून?" ती म्हणाली. "शिंपीणबाईंनी सांगितलं मला. त्यांच्या दारासमोरच बसतोस ना तू. त्या म्हणाल्या, तुमचे यजमान उभे राहतात हो बिचारे, मी स्टूल ठेवलंय. मग मी उशी नेऊन दिली. तुझी पाठ दुखते म्हणून."

 काहीतरी बोलायच्या आधी त्यानं गिळलं, आणि तिनं ते पाहिलं.

"म्हणून मोजत होते," ती म्हणाली. "घरातच तुला एक कोपरा काढता येईल का. पडदा लावून, नाहीतर फळ्यांचा आडोसा. किती पुरेल ते कळेना, म्हणून विचारलं."

"मला विचारायचंस."

"तुला विचारलं की तू म्हणतोस, काही नाही. काय झालं, काही नाही. काय हवंय, काही नाही. यंत्राला विचारलं तर निदान दहा उत्तरं तरी येतात." तिनं बोटाला लागलेलं मेण खरवडलं. "एक कोंबड्यांचं होतं."

"त्याला मी थोडं समाधान दिलंय," तो म्हणाला.

ती हसली नाही. म्हणजे ओठ हलले, पण डोळे तिथेच राहिले. "आता विचारते तुलाच," ती म्हणाली. "आणि काही नाही म्हणालास तर हा जबडा फेकून मारीन, कुणाचा का असेना. तुला जायचंय का इथून?"

कामावर एका हेतूला अर्धं मिनिट मिळायचं. ती मात्र थांबून राहिली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, शेजारी कुणीतरी कपाट उघडलं, मिटलं, आणि तरी ती थांबली होती, तो कुणाचा कोण जाणे जबडा अजून हातात धरून. 

"सकाळी नव्हतं जायचं," तो म्हणाला. "दुपारी होतं. बसमध्ये तर मी गेलोच होतो. एक खुर्ची घेतली मी."

"एकच?"

"एकच. पण मग..." तो अडला. हे वाक्य कुठे जाणार ते त्याला माहीत नव्हतं, आणि जिथे जाईल तिथे त्याच्या मागोमाग जाणं एवढंच हातात होतं. "मला इथेच राहायचंय. पण अधूनमधून नसायचंय. म्हणजे तू घरात असावीस, तुझा आवाज यावा, आणि मी नसावं. पण असावं. हे बरोबर वाटत नाही ऐकायला."

"थोडं विचित्र आहे," ती म्हणाली. तिनं जबडा टेबलावर ठेवला आणि हात पुसले. "पण हे यंत्राच्या दहा उत्तरांतसुद्धा नव्हतं."

मग ती उठली, ड्रॉवरमधून रुंद चिकटपट्टीचं भेंडोळं काढलं, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जमिनीवर पट्टी लावत सुटली. तो दुसरं टोक धरून तिच्यामागे गुडघ्यांवर सरकत होता. एवढी? नको, पाय लांब करता आले पाहिजेत. मग इथपर्यंत? कपाटाचं दार उघडणार नाही. नाही उघडलं तर नाही, त्यात सगळ्या तुझ्याच परीक्षेच्या जुन्या वह्या आहेत. माझ्या नाहीत, तुझ्या आहेत. दोघांचं तिथे छोटंसं भांडण झालं, कित्येक महिन्यांनंतरचं पहिलं, आणि ते दोघांनाही बरं वाटलं. शेवटी एक वेडावाकडा चौकोन तयार झाला. तो आत जाऊन बसला.

"कसं वाटतंय?" तिनं बाहेरून विचारलं.

"बरंच समाधान."

"खरं सांग."

"माहीत नाही," तो म्हणाला. हे शब्द त्यानं घरात पूर्वी कधी उच्चारल्याचं त्याला आठवत नव्हतं. "बसून बघतो."

ती खाली वाकून त्याच्या चेहऱ्याकडे बघायला एक पाऊल आत आली.

"भिंतीतून आलीस," तो म्हणाला.

"मग दार कुठेय?"

त्यानं बोटानं जागा दाखवली. ती मागे फिरून बाहेर गेली, त्या जागेसमोर नीट उभी राहिली, आणि दोन बोटांच्या पेरांनी हवेवर टकटक केलं, तोंडानं आवाज काढून. मधे काहीसुद्धा नव्हतं. ती त्याला पूर्ण दिसत होती, मेणाची बोटं, कपाळावर आलेले केस, सगळी. तरीही त्याला खरोखरच जाणून घ्यावंसं वाटलं.

"कोण?" त्यानं विचारलं.

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि थांबली. मग पट्टीच्या पलीकडे, अनवाणी पाय जुळवून, ती बराच वेळ विचार करत उभी राहिली.